आधाराशिवाय दहा पावलं

चंद्रावर जन्मलेल्या केतकीला पृथ्वीवर येऊन महिना झाला, तरी मान वळवली की भिंती गरगर फिरायच्या. आज आधाराशिवाय दहा पावलं जमली नाहीत, तर उद्याच्या यानानं तिला परत पाठवणार होते. उपचार केंद्राच्या व्हरांड्याच्या टोकाला आजोबा उभे होते; आजवर तिनं त्यांना फक्त पडद्यावर पाहिलं होतं.

“समोर धरलेल्या हाताच्या अंगठ्यावर नजर ठेव, मान हळूहळू वळव. हं, आता चाल,” फिजिओथेरपिस्ट सोनटक्के मॅडम म्हणाल्या.

सातव्या पावलाला जमीन कलली. आजोबा हात पसरून धावले.

“आजोबा, धरू नका मला!” ती ओरडली.

ते अर्ध्यावरच थिजले. त्यांच्या चष्म्यावर नजर रोवून तिनं उरलेली तीन पावलं टाकली आणि मगच त्यांचा हात धरला.