बघूसाहेबांचं ठाम मत

“मग औषधं सुरू कधी करायची, डॉक्टरसाहेब?” मुलीच्या आईने विचारलं, आणि बघूसाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

चष्मा पुसला जाऊ लागला की उत्तर काय येणार, हे हॉस्पिटलातल्या झाडून सगळ्यांना ठाऊक होतं. हाडांच्या कॅन्सरचे एवढे नावाजलेले डॉक्टर, पण माघारी सगळे त्यांना बघूसाहेबच म्हणत.

“बघू,” ते म्हणाले. “घाई करून चालणार नाही. तुमची मुलगी साधी पेशंट नाही.”

साधी नव्हतीच. अकरा वर्षांची पोर, उंची मात्र पहिलीतल्या मुलीएवढी. गालांवर लालसर जाळी आणि भुवयांचा जन्मापासून पत्ता नाही. दोष जनुकातच होता, आणि तो जगात अगदी मोजक्या लोकांत सापडलेला. भुवयांवर तिने स्वतःच तोड काढली होती. आईची पेन्सिल घेऊन ती रोज नव्या भुवया काढायची, ज्या दिवशी जसा मूड असेल तशा. आज त्या पार कपाळाच्या मध्यापर्यंत चढल्या होत्या.

तिच्या मांडीच्या हाडात, गुडघ्याच्या जरा वर, गाठ होती. फुफ्फुसं अजून स्वच्छ होती. ‘अजून’ हा शब्द बघूसाहेबांचाच, आणि तो ऐकल्यापासून आईची झोप उडाली होती. औषधाचा नेहमीचा डोस असल्या शरीराला सोसेल की नाही, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. कमी पडला तर गाठ शिरजोर, जास्त झाला तर पोरगी गारद. डोस ठरवायचा म्हणजे त्याखाली सही करायची, आणि खरी मेख तिथेच होती. म्हणून गेला दीड महिना बघूसाहेब अभ्यास करत होते. परदेशातल्या एका थोर तज्ज्ञाला त्यांनी ईमेल पाठवली होती. उत्तर येईना, तेव्हा आठवण करून देणारी दुसरी पाठवली होती. मधल्या काळात मुलीचे फोटो मात्र यथेच्छ काढून झाले. एका परिषदेत तिचे गाल पडद्यावर भिंतीएवढे झळकले आणि टाळ्याही पडल्या.

“डॉक्टरकाका, तोपर्यंत गाठ थांबेल?” मुलीने विचारलं.

“बघू,” बघूसाहेब म्हणाले.

त्याच आठवड्यात गाडीच्या मागच्या सीटवर बसून ते एका ऑनलाइन बैठकीत शिरले. ठिकठिकाणचे डॉक्टर तिथे आपल्या अडलेल्या केसेस मांडत. पेशंटचं नाव सांगायचं नाही आणि त्याच्या डॉक्टरचंही नाही, असा नियम होता. बघूसाहेब उशिरा आले होते. फोन मांडीवर, कॅमेरा बंद, पडद्यावर नुसतं नाव, निम्मं लक्ष सिग्नलकडे. दुसऱ्या एका हॉस्पिटलातली तरुण डॉक्टरीण बोलत होती. तिच्याकडे कुणी दुसरं मत घ्यायला आलं होतं. दुर्मीळ जनुकदोष असलेली मुलगी, मांडीच्या हाडात गाठ, फुफ्फुसं स्वच्छ.

बघूसाहेब सावरून बसले. म्हणजे आपल्या पेशंटसारखी आणखी एक केस आहे तर! एक केस म्हणजे नुसता किस्सा, पण दोन झाल्या की शोधनिबंध होतो. त्यांना मनापासून आनंद झाला.

“उपचार अजून सुरू झालेले नाहीत,” डॉक्टरीण म्हणाली. “त्यांचे डॉक्टर परदेशातून ईमेलवर सल्ला येण्याची वाट बघताहेत.”

बघूसाहेबांचा पारा चढला. स्वतःच्या केबिनमध्ये ते ज्याला अभ्यास म्हणत, त्याला दुसऱ्याच्या केबिनमध्ये काय म्हणायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी माइक सुरू केला.

“हा शुद्ध पळपुटेपणा आहे! गाठ काय याच्या ईमेलच्या उत्तरासाठी थांबून राहणार आहे? निम्म्या डोसने सुरू करा, रक्त रोज तपासा, सोसलं तर वाढवत न्या, मग ऑपरेशन. माझी मुलगी असती तर मी उद्याचीसुद्धा वाट बघितली नसती!”

बैठकीत सगळे चिडीचूप झाले. बघूसाहेबांना तो आदर वाटला. डॉक्टरीण जपून म्हणाली, “सर, हे मी पेशंटच्या आईला सांगू ना?”

“शब्दन् शब्द सांगा.”

मत लाखमोलाचं होतं, हे कबूल करायला हवं. बघूसाहेबांच्या विद्येत काही कमी नव्हतं, आणि वाईट वाटतं ते त्याचंच.

दुसऱ्या दिवशी आई आणि मुलगी पुन्हा केबिनमध्ये आल्या. आज मुलीच्या भुवया रागाने नाकापर्यंत उतरल्या होत्या. आई खुर्चीच्या अगदी कडेला टेकली.

“डॉक्टरसाहेब, तुम्हाला न विचारता आम्ही दुसरीकडे दाखवून आलो. रागावू नका.”

“अहो, तुमचा हक्कच आहे तो,” बघूसाहेब उदारपणे हसले. “काय म्हणाले?”

“तिथल्या मॅडमनी एका फार मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, निम्म्या डोसने सुरू करा, रक्त रोज तपासा.” आई अडखळली. “तुमच्याबद्दलही बोलले काहीतरी. पण ते तोंडावर कसं सांगू?”

“सांगा की.”

“म्हणाले, हा शुद्ध पळपुटेपणा आहे. गाठ काय याच्या ईमेलच्या उत्तरासाठी थांबून राहणार आहे?”

बघूसाहेबांचा हात चष्म्याकडे गेला आणि वाटेतच थांबला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मुलगी आपल्या रागीट भुवयांखालून त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

“कोण... कोण हे डॉक्टर?”

“मॅडमनी नाव नाही सांगितलं. विचारलं तर नुसत्या हसल्या.” आईचे डोळे भरून आले. “पण ते म्हणाले, स्वतःची मुलगी असती तर उद्याचीसुद्धा वाट बघितली नसती. डॉक्टरसाहेब, तुम्ही त्यांना ओळखत असालच. आम्हाला त्यांच्याकडे पाठवा ना!”