मागच्या सीटवरचं वजन

धाकटा हात धुवायला गेला आणि थोरल्याने ट्वीटरचं बटण मुद्दाम पुढे फिरवलं. दोन रेघा. मग आणखी दोन. कुणी पाहिलं नाही.

क्रॉसओव्हरची डबी गाडीच्या पुढच्या सीटवर उघडीच होती. तिचं काम आवाजाची वाटणी करायचं. घुमणारा जाड आवाज डिकीतल्या वूफरला, मधला दारांतल्या स्पीकरांना आणि अगदी बारीक, टोकदार आवाज काचेजवळच्या चिमुकल्या ट्वीटरला. धाकट्याने तिन्ही बटणं अंदाजाने लावून ठेवली होती. आता कानाने तपासायचं तेवढं राहिलं होतं.

ही सगळी विद्या थोरल्यानेच त्याला दिलेली, वायर सोलण्यापासून. पण गिऱ्हाईक दोघा भावांच्या दुकानाची पायरी चढायचं तेच मुळी "कानवाले आहेत का?" असं विचारत. कानवाले म्हणजे धाकटा. थोरल्याला जसे काही कान नव्हतेच! आजच्या दंतवैद्य बाईंनीही तेच विचारलं होतं. "दिवसभर त्या यंत्राची किरकिर ऐकते हो. गाडीत तरी कानाला गोड लागू दे."

"दादा, चल, बस मागे," धाकटा हात पुसत आला. "गाडीत वजन पाहिजे."

"दुसरं काय उरलंय माझ्याकडे? वजनच."

धाकटा हसला आणि रोजच्यासारखा त्याने आधी आरसा हलवला. काम सुरू करण्यापूर्वी याला आरसा लागतो, नटच जणू! थोरल्याचा जीव जळायचा. त्याहून झोंबायचं ते पुढचं. आवाज जिथे थोरल्याला खुपायचा, नेमका तिथेच धाकट्याचा हात बटणावर जायचा. केसभर इकडे, केसभर तिकडे, आणि सगळं कसं लोण्यासारखं. आपल्याच कानातलं कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटायचं थोरल्याला.

आज मात्र चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसू द्यायचं नाही, असं ठरवून तो बसला. करणी आपली आहे, हे याला कळता कामा नये.

गाणं सुरू झालं. ट्वीटर पत्र्यावर खिळा ओढावा तसा किंचाळला. थोरल्याच्या दाढा शिवशिवल्या, पण त्याने पापणीही लवू दिली नाही. आता याचा हात जाईल, त्याला वाटलं. हात गेला नाही. धाकट्याने आरशात एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि समाधानाने डबीचं झाकण लावलं.

"या बाई, ऐका. पहिल्या फटक्यात जमलं आज."

बाई पुढे येऊन बसल्या. गायिकेने पहिला सूर लावला आणि बाईंनी दोन्ही कान झाकले.

"अहो, बंद करा! माझं यंत्र परवडलं याच्यापेक्षा! हेच का तुमचे कानवाले?"

त्या तरातरा उतरून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. हाच क्षण थोरल्याने किती दिवस मनात घोळवला होता. तो आला होता आणि गोड लागत होता. आता धाकटा चिडेल, वायरींना दोष देईल, मग आपण उठायचं आणि एका हाताने बटण मागे घ्यायचं. बाईंच्या देखत.

धाकटा चिडला नाही. डबीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. तो मागे वळला. 

"दादा, तुला बरं नाही का?" त्याने हळूच विचारलं. "आज तुझ्या कपाळावर एक आठी पडली नाही."

"माझ्या आठ्यांचं काय?"

"तीन वर्षं झाली, बारीक आवाज मला ऐकूच येत नाही रे. मी आरशात तुझं कपाळ बघून लावतो."