मायना

"मायना काय लिहू? महोदय की महोदया?" अर्जनवीस दिघेकाकांनी थकून विचारलं.

"मला तरी कुठे सांगितलंय," शाल्मलीताई म्हणाल्या.

कृत्रिम गर्भाशयात वाढलेलं त्यांचं बाळ जन्मताच दुसऱ्या घरी गेलं होतं. मुलगा की मुलगी, हे कायद्याने गुप्त. एकवीस वर्षांनी पत्राची परवानगी मिळाली, तीही कार्यालयीन नमुन्यातच. शिवाय तिथलं यंत्र पत्रातलं नाव, नातं, लाड सगळं गाळून मगच पुढे पाठवायचं.

"दोन्ही लिहा, काका. संपवा एकदाचं."

महिन्याने उत्तर आलं. दिघेकाकांनी पाकीट फोडून पहिली ओळ वाचली.

"काय लिहिलंय?"

"महोदय किंवा महोदया."

शाल्मलीताई बाकावर टेकल्या. "म्हणजे मी आई आहे, हेही कळू दिलं नाही तिकडे."