पाचवी पत्ती

सांगितलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण मानवतच्या जिनिंगमध्ये पंचवीस वर्षं कापूस उपसलेल्या लिंबाजीनं असा एक तोंडाचा बाजा बनवला होता, जो कधी मरणारच नव्हता.

दुकानातल्या माउथ ऑर्गनची एक पत्ती तुटली की अख्खा बाजा फेकून द्यावा लागतो. लिंबाजीनं एकेक पितळी पत्ती चष्म्याच्या इवल्याशा स्क्रूवर बसवली. मधलं सागवानी लाकूडसुद्धा सरकवलं की बाहेर. जादा पत्त्या काडेपेटीत.

"सोनपेठच्या एसटीत चालू गाण्यात पत्ती बदलली म्या," तो सांगायचा. "कडवं सरून धृपद यायच्या आत. कंडक्टरला वाटलं, म्या व्हट पुसायलोय!"

आज भीमजयंती. गायन पार्टीचा भुजंग दुपारपासून लिंबाजीच्या दारात बसून होता. चांगुणाबाई तांब्यात निखारे घालून नवऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री करत होती.

"काका, नामांतराचं गाणं पाचव्या सुरावरच उठतंय," भुजंग म्हणाला. "न्हाई जमलं तर तसं सांगा. पाथरीचा बेंजोवाला तयार हाय."

"बेंजोवाला!" लिंबाजी हसला. "आरं, पत्ती खराब हाय. दोन मिनिटाचं काम."

त्या पाचव्या सुराची सकाळपासूनची ही चौथी पत्ती. त्यानं स्क्रू पिळला, बाजा तोंडाला लावला. पहिले चार सूर फुंकून यायचे, ते आले. पाचवा हवा आत ओढून काढायचा होता. त्यानं ओढली. नुसती सुरसुर झाली. मग त्यानं तोंड फिरवलं आणि उपरण्यात खोकला दाबला.

"पितळच हलकं यायलंय आजकाल," तो म्हणाला. "काडेपेटी दे गं."

चांगुणाबाईनं काडेपेटी दिली नाही. तांब्या खाली ठेवला आणि त्याच्या हातातून बाजा घेतला. इतक्या वर्षांत तिनं तो कधी तोंडाला लावला नव्हता.

"कोणती मेली म्हन्ता?"

"ही. पाचवी. पर ती फुंकून..."

"ठावं हाय. आयकत आले की जलमभर."

तिनं पदरानं बाजा पुसला, डोळे मिटले आणि हवा आत ओढली.

सूर निघाला. लांब, सरळ, गल्लीच्या टोकापर्यंत. भुजंगचा हात आपोआप मांडीवर पडला आणि तिथंच थांबला.

तिनं बाजा त्याच्या मांडीवर ठेवला.

"खोटं बोलायलाव," ती म्हणाली. "सकाळधरनं बदलल्या त्या चारी पत्त्या धड हायती. समदं सुटं सुटं करून ठिवलं तुमी. बदलायची छातीच तेवढी ऱ्हायली."