मानपत्रातली सहावी ओळ

मानपत्राच्या सहाव्या ओळीत हवालदाराने सापळा लावून ठेवला होता, आणि आता स्टेजवर उभा राहून तो पहिल्या पाच ओळी जमेल तितक्या सावकाश वाचत होता.

समोर सभागृह गच्च भरलेलं. खुर्च्या संपल्या म्हणून लोक भिंतीला टेकून उभे. शाळेच्या बाई, रिक्षावाले, दवाखान्यातल्या नर्स, आणि दोनदा आत जाऊन आलेला एक खिसेकापूसुद्धा, तोही इस्त्रीचा शर्ट घालून! एका फौजदाराच्या निवृत्तीला एवढी माणसं? सकाळपासून हवालदाराच्या पोटात जे दुखत होतं ते आता छातीपर्यंत आलं. फौजदार आणि हा, दोघं एकाच दिवशी शिपाई म्हणून भरती झालेले. तो साहेब झाला आणि हा ठाण्याचा रायटर. छत्तीस वर्षं दुसऱ्यांनी केलेलं लिहीत बसला. पुढच्या महिन्यात याचीही निवृत्ती होती. याच्या वाट्याला चहा-बिस्किटं येणार, तीही ठाण्यातल्या ठाण्यात, आणि मध्येच फोन वाजला की निम्मे लोक उठून जाणार, हे त्याला आत्ताच दिसत होतं.

मानपत्र लिहायचं कामही याच्याच गळ्यात पडलं. अक्षर मोत्यासारखं, आणि याच्या स्टेशन डायरीत आजवर कोर्टालासुद्धा चूक सापडली नव्हती. वकील नाकं मुरडायचे, पण तारीख आणि वेळ याचीच धरायचे. आठवडाभर दातओठ खात त्याने लिहिलं. पुरात काय केलं, बाजार जळाला तेव्हा काय केलं, हरवलेली किती मुलं घरी पोचवली. सगळं साहेबांनी केलेलं आणि सगळं खरं. तेच तर खुपत होतं.

मग सहाव्या ओळीत त्याने पाण्याची टाकी घातली.

टाकीवर साहेब चढलेच नव्हते. चढला होता हवालदार. बावीस वर्षांपूर्वी तो समन्स द्यायला चालला होता, तेव्हा टाकीच्या कठड्याबाहेर पाय सोडून बसलेली बाई त्याला दिसली. स्टुलावर चढलं तरी ज्याला गरगरतं, तो गडी त्या लोखंडी पायऱ्या चढून गेला. दोन तास तिच्याशेजारी बसून तिच्या नवऱ्याला, सासूला आणि स्वतःच्या वरिष्ठांना शिव्या घालत राहिला. शेवटी ती हसली आणि उतरली. लिहिलं असतं तर तिच्यावरच आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला असता. म्हणून सगळ्यांचं सगळं लिहिणाऱ्याने स्वतःचं तेवढं लिहिलं नाही. घरी सांगितलं तेव्हा बायको भाजी निवडत होती. "पडलात-बिडलात नाही ना?" एवढं विचारून ती पुढची जुडी सोडायला लागली.

त्याचा बेत सरळ होता. साहेब म्हणालेच, की हे काम माझं नाही, तर लोक विचारतील, मग कोणाचं? माइक याच्याच हातात. आणि गुपचूप टाळ्या घेतल्या, तर चहाच्या वेळी चारचौघांत हा विचारणार होता, साहेब, त्या टाकीला पायऱ्या किती हो? मग बाकीच्या ओळींकडेही लोक जरा निरखून बघतील. कसंही झालं तरी फायदा आपलाच.

त्याने सहावी ओळ वाचली. आधीच्या प्रत्येक ओळीला टाळ्या पडल्या होत्या. या ओळीला सगळे उठून उभेच राहिले. तिसऱ्या रांगेत त्याची बायको पदराने डोळे पुसत होती. मग पदर सोडून तीही दोन्ही हातांनी टाळ्या वाजवायला लागली. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण याची कुठलीही गोष्ट तिने अशी उभं राहून कधी ऐकली नव्हती, टाकीचीसुद्धा नाही.

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी हवालदाराकडे पाहिलं आणि लोकांना हात जोडले. घेतलं! हवालदाराला आतून उकळ्या फुटल्या. उरलेल्या ओळी त्याने पळत पळत संपवल्या.

चहाच्या टेबलापाशी साहेबांभोवती ही गर्दी. कप सांभाळत, कोपरं मारत हवालदार आत घुसला. शाळेच्या बाई आहेत, डॉक्टर आहेत, खिसेकापूही आहे. चारचौघं यापेक्षा चांगले कुठे मिळणार? त्याने घसा साफ केला.

पण साहेबांनीच आधी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बरं झालं आलास," ते म्हणाले. "ती टाकीवरची बाई, अरे, मला काही केल्या आठवत नाही. मघापासून डोकं खाजवतोय. टाळ्या घेतल्या, पण चोरी केल्यासारखं वाटतंय. इतकी वर्षं झाली, इतकी माणसं झाली, कोणाला कुठून उतरवलं ते आता वेगळं राहिलंच नाही बघ." मग ते भोवतीच्या लोकांकडे वळले. "पण याने लिहिलंय म्हणजे झालेलं असणारच. याच्या हातून खोटं अक्षर उमटायचं नाही." आणि पुन्हा याच्याकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "मीच होतो ना रे?"

हवालदाराने हातातला कप टेबलावर ठेवला. 'मी होतो' म्हणायला कितीसा वेळ लागणार होता? पण मग छत्तीस वर्षांत एकदा खोटं लिहिलं, तेही आज, जळफळाटाने, हेही याच लोकांपुढे सांगावं लागलं असतं. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. मागून बायकोही येऊन उभी राहिली होती.

"तुम्हीच होतात, साहेब," तो म्हणाला. "मी खाली उभा होतो."