सोमवारचं मौन

मंगळवारी सकाळी सुहासिनीबाई हॉस्पिटलात आल्या. सोमवारचं मौन त्या नवऱ्याशी, बापूंशी, बोलूनच सोडत, म्हणून वाटेत कुणाशी बोलल्या नव्हत्या. दोन महिने बापूंचा श्वास यंत्रावर चालला होता. आज त्या खाटेवर दुसराच कुणी झोपला होता.

सिस्टर गोंधळल्या. "काकू, यंत्र काढायची संमती काल तुम्हीच दिलीत ना? घरच्या कॉम्प्युटरवरून, तुमच्या आवाजात."

त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. "ह्यांना आता त्रास नको," सुहासिनीबाईंचाच हळुवार आवाज म्हणाला. पुढे नाव, गोत्र, गाव, सगळं बरोबर.

सुहासिनीबाईंना फुकट मिळालेलं ते व्रतांचं सॉफ्टवेअर आठवलं. सोमवार सोडून रोज ते संकल्प म्हणवून घ्यायचं, आणि त्या हात जोडून नाव-गोत्र सांगायच्या. त्याने आवाज उचलला होता आणि कॉम्प्युटरचं मागचं दार कुणाला तरी उघडून दिलं होतं. त्या कुणाला तरी ही खाट हवी होती.

"काल सोमवार होता," त्या कशाबशा म्हणाल्या. मौन सोडतानाचे शब्द पहिल्यांदाच बापूंना ऐकू गेले नाहीत. "सोमवारी मी बोलत नाही हो."

"बोलल्याची नोंद आहे, काकू. न बोलल्याची मी कुठून आणू?" सिस्टरांनी माइक पुढे केला. "देह ताब्यात घ्यायला ओळख पटवावी लागते. नाव सांगा."

त्यांनी हुंदका गिळून नाव सांगितलं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली. आवाज जुळत नाही.

"रडू नका, काकू," सिस्टर म्हणाल्या. "जरा कालच्यासारखं बोला."