खऱ्या गोळ्या, खोट्या गोळ्या

स्नायूंना सूज येऊन हातापायांतली ताकद जाते, त्या आजारावरच्या नव्या गोळीत डॉक्टर दर्शनाने सगळा जीव ओतला होता. चाचणीतले सगळे रुग्ण मुरबाडकडचे; ते एकाच जीपने तपासणीला यायचे आणि महिन्याच्या गोळ्या घेऊन जायचे. निम्म्यांना खरी गोळी मिळे, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी खोटी. कोणाला कुठली, हे दर्शनालाही ठाऊक नसे.

आज निकाल उघडला. खोटी गोळी मिळालेलेही खरीवाल्यांइतकेच सुधारले होते! म्हणजे गोळीत काही दम नाही. संशोधन बंद करा, असं वरून कळवलं गेलं.

दर्शना पडेल चेहऱ्याने सिद्धगडाच्या पायथ्याशी, त्या रुग्णांपैकीच एक असलेल्या गिरजाबाईंकडे गेली. केस विंचरायलासुद्धा ज्यांचा हात वर जात नसे, त्या गिरजाबाईंनी तिच्यासाठी माळ्यावरून भलामोठा भोपळा खाली काढला.

"गिरजाबाई, आता गोळ्या बंद. तुम्हाला तर खोटीच दिली होती. तरी तुम्ही बऱ्या कशा झालात, तेच कळत नाही."

"आता ग बाय! निम्म्या गोळ्या खोट्या हायेत, ते तुमीच पयल्या दिवशी सांगितलंत ना, डाक्तरीणबाय?"

"हो. मग?"



"मग कुणाच्याच वाट्याला निसती खोटी येऊ नाय, म्हणून आमी जीपमधीच सगळ्यांच्या गोळ्या एका टोपलीत ओतायचो आन सारख्या वाटून घ्यायचो."